ज्याचे हात, त्याची पहिली वाटी

वसंत म्हटलं की कवीनं कोकिळेकडे कान लावावा, पळसाकडे डोळे लावावेत, असा रिवाज आहे. मीही कविता लिहिते, तेव्हा हा रिवाज मला सहसा मोडता येत नाही. पण खरं सांगायचं तर माघ सरून फाल्गुन लागला की माझं लक्ष आधी जातं ते विळीकडे. विळीला धार आहे का, घरात खोबरेल किती उरलंय, चुलीतली राख कोणाकडे मिळेल, अशा चौकश्या सुरू होतात. कारण आमच्या कोकणात वसंताची पहिली वर्दी कानाला नाही, जिभेला मिळते. फणसाची कुयरी आणि ओले काजूगर यांच्या भाजीतून ती मिळते. आज या भाजीविषयी बोलायचं आहे. ती कशी करायची ते सांगेनच. पण ती करताना हातांना काय सोसावं लागतं, तेही सांगणार आहे. त्याशिवाय तिची कृती पुरी होत नाही.

आधी एक साधा प्रश्न. ऐन कोरड्या दिवसांत कोकणात भाजी येते कुठून? आमच्याकडे, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पण तो पडतो चार महिन्यांत, आणि जांभ्या दगडातून झिरपून निघूनही जातो. ऑक्टोबरात पाऊस परतला की जूनपर्यंत आभाळाकडे बघायचं काम नाही. फेब्रुवारी संपता संपता विहिरी खाली जातात, परड्यातले मुळ्याचे, लाल माठाचे वाफे उरकत येतात. मग भाजी जमिनीवरून उठते आणि झाडावर जाऊन बसते. ज्यांची मुळं खोल गेली आहेत, त्यांनाच या दिवसांत काही देता येतं. शेवगा शेंगा देतो, फणस कुयऱ्या देतो आणि काजू ओले गर देतो. पुढे आंबा येतोच, पण तो सगळ्या जगाला ठाऊक आहे. त्याच्या आधीचे हे दिवस मात्र घरच्या माणसांचे.

यातला फणस इथलाच, आपल्या सह्याद्रीच्या जंगलातला. काजू मात्र परदेशी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून आणला. नावही त्याच्याबरोबर आलं. ब्राझीलच्या मूळ रहिवाशांचा 'अकाजू' पोर्तुगीजांच्या तोंडी 'काजू' झाला, आणि आपण तो तसाच ठेवून घेतला. गंमत अशी की जाताना त्यांनी फणसाचं नाव नेलं. मल्याळममधल्या 'चक्का'चं पोर्तुगीजमध्ये 'जाका' झालं आणि त्यावरून इंग्रजीतला 'जॅकफ्रूट' आला. एक शब्द दिला, एक नेला. आणि आज कोकणातल्या एकाच टोपात हा घरचा आणि तो बाहेरचा असे दोघं इतके मुरतात की कोण कुठला, हे विचारायचं कोणाला सुचत नाही.

आता काजूगराचं वेळापत्रक समजून घेऊ. बाजारात पाकिटात मिळतो तो काजू आणि ओला काजूगर, हे एकाच बीचे दोन जन्म आहेत. काजूला फळ धरलं की आधी वाढते ती बी. महिन्याभरात ती हिरवीगार, आपल्या पुऱ्या आकाराची होते. तेव्हा तिच्या डोक्यावरचा बोंडू अगदी लहान, बोटाच्या पेराएवढा असतो. पुढच्या महिन्यात टरफल कठीण होत जातं, बी थोडी आकसते, राखाडी पडते, आणि मग बोंडू फुगून लाल-पिवळा होतो. आपण ज्याला फळ म्हणतो तो बोंडू म्हणजे खरं तर फुगलेला देठ. खरं फळ ती खाली लोंबणारी बी.

आपल्याला गर हवा असतो तो या दोन महिन्यांच्या मधल्या थोड्या दिवसांतला. फार आधी बी काढली तर गर पाणचट लागतो, आठवडाभर उशीर झाला तर टरफल विळीला दाद देत नाही. नख दाबलं तर टरफलावर खूण उमटली पाहिजे, पण नख आत शिरता कामा नये. ही आमच्या नानीची परीक्षा. या दिवसांतला गर पांढरा, भरीव आणि दुधाळ असतो. चव कोवळ्या खोबऱ्याच्या जवळ जाणारी, पण खोबऱ्याहून मऊ.

आकाराचंही सांगते. जुन्या गावठी झाडांची सुकी बी चार-पाच ग्रॅमची. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रानं १९८१ साली 'वेंगुर्ला ४' ही जात दिली, १९९७ साली 'वेंगुर्ला ७'. या सातची एक बी सुमारे दहा ग्रॅम भरते. गर मोठा, म्हणजे तेवढ्याच भाजीला बिया कमी फोडाव्या लागतात. ज्यांना फोडाव्या लागतात त्यांना या शोधाचं मोल विचारा.

कारण काजूची बी सहजासहजी काही देत नाही. तिचं टरफल दुहेरी असतं, आणि दोन थरांच्या मध्ये मधाच्या पोळ्यासारखी घरं असतात. त्यात दाट, जळजळीत तेल भरलेलं असतं. ते कातडीला लागलं की कातडी आधी तांबूस होते, मग काळी, मग सोलवटून निघते. काहींना फोड येतात. बिब्बा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे नवं नाही. धोबी ज्याच्या रसानं कपड्यांवर खूण करायचा आणि जो उतला तर अंगभर फोड उठायचे, तो बिब्बा काजूचा सख्खा नातलग आहे. आंबाही त्याच कुळातला. आंब्याचा चीक ओठाला लागला की ओठ उततो, तो याच नात्यामुळे. ऊन, किडे आणि खारी यांच्यापासून आपलं कोवळं पोर वाचवायला झाडानं केलेला हा बंदोबस्त आहे. झाडाचं काही चुकत नाही. ते पोर आपल्याला भाजीसाठी हवं असतं, एवढंच.

तेव्हा घरी गर काढणार असाल तर नीट ऐका. हातांना आधी खोबरेल चांगलं चोळायचं. पूर्वीच्या बायका तेलावर राखही लावत. आता रबरी हातमोजे मिळतात, ते जरूर घाला. त्यात कसलाही कमीपणा नाही. बी लांबीच्या रेषेत, तिच्या वळणाबरहुकूम चिरून दोन फाकी करायच्या. गर बोटानं नाही, टोकदार काडीनं किंवा चमच्याच्या दांड्यानं उचलायचा. टरफलाचं तेल गराला लागू द्यायचं नाही, आणि बी तोंडात धरून फोडायचा विचारही करायचा नाही. काढलेले गर कोमट पाण्यात टाकले की वरची पातळ साल सुटते. ती सोलून टाकायची, कारण ती तुरट असते. काम झाल्यावर हात लगेच साबणानं धुऊ नका. आधी तेलाच्या कापडानं पुसा, मग साबण लावा. चीक आणि तेल यांना पाणी ओळखत नाही, तेलच ओळखतं. मुलांना लांब ठेवा, आणि टरफलं चुलीत घालू नका. त्यांचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. आंब्याच्या चिकानं ज्यांना उततं त्यांनी या फंदात पडूच नये, सोललेले गर विकत आणावेत. आणि काजू खाऊनच ज्यांना त्रास होतो, त्यांनी ही भाजी नुसती ऐकावी.

हे सगळं मी आईच्या हातांकडे बघून शिकले. फेब्रुवारी ते मे तिची बोटं काळी असायची. घरापुरतेच नव्हे, विकण्यासाठीही ती गर काढायची. शंभर गरांचा शेकडा, पळसाच्या पानात बांधलेला. राजापूरच्या बाजारात सकाळी नेला की दहाच्या आत संपायचा. माझी बीएची फी त्या शेकड्यांतून भरली गेली.

२०१८ सालची गोष्ट सांगते. रेशनच्या दुकानात अंगठ्याचं यंत्र नुकतंच रुळत होतं. एप्रिल महिना होता, काजूचा हंगाम ऐन भरात. आईनं अंगठा ठेवला, यंत्रानं नकार दिला. पुसून ठेवला, पुन्हा नकार. दुसरा अंगठा, मग तर्जनी, सगळ्यांना नकार. दुकानदार भला माणूस. तो म्हणाला, "चाची, काजू फोडताय ना? पंधरा दिवस हात थांबवा. नवी कातडी आली की लागेल अंगठा." आई म्हणाली, "म्हणजे काजू संपेपर्यंत मी मीच नव्हे म्हणायची?" रांगेतल्या बायका हसल्या. हसताना त्यांनी पदराआडचे आपले हात बाहेर काढून बघितले. त्यातल्या निम्म्याजणींचे अंगठे तसेच होते. त्या महिन्याचं धान्य शेवटी माझ्या धाकट्या भावाच्या अंगठ्यावर मिळालं. त्याचा अंगठा स्वच्छ उमटला. त्यानं आयुष्यात कधी काजू फोडला नव्हता.

आई आता नाही. पण ते वाक्य मला प्रत्येक हंगामात आठवतं. वेंगुर्ल्यापासून आजरा-चंदगडपर्यंत काजूच्या कारखान्यांत आजही बायकाच मोठ्या संख्येनं काम करतात. तिथं बी आधी वाफवून घेतात, यंत्रानं कापतात, तरी तेल हातांना चुकत नाही. आपण काजूला सुकामेव्यातला श्रीमंत म्हणतो. त्याची श्रीमंती ज्या बोटांतून जाते, त्या बोटांच्या रेषा मात्र तो पुसून जातो.

असो. आता कुयरीकडे वळू.

कुयरी म्हणजे कोवळा फणस, ज्यात आठळी अजून घट्ट झालेली नाही. नारळाहून थोडी मोठी, वजनाला किलो-दीड किलो असावी. सुरी आत सरळ गेली पाहिजे. अडखळली तर तो फणस भाजीचा राहिला नाही, त्याला पिकू द्या. फणस हा वड, पिंपळ, उंबर यांच्या कुळातला, म्हणून चीक भरपूर. इथंही उपाय तोच: विळीला तेल, हातांना तेल, खाली जुना कागद. काट्यांची साल जाडसर काढायची, मधला कडक दांडा काढून टाकायचा आणि मोठ्या फोडी करायच्या. चिरलेली कुयरी हवा लागली की काळी पडते. आंबट पाण्यात हा काळेपणा रोखला जातो, म्हणून फोडी आमसूल टाकलेल्या किंवा ताक मिसळलेल्या पाण्यात सोडायच्या.

सहा माणसांसाठी दीड किलोची एक कुयरी आणि गरांचा एक शेकडा पुरे. कुयरीच्या फोडी हळद, मीठ आणि थोडं पाणी घालून कुकरमध्ये दोन शिट्ट्या शिजवून घ्या. गार झाल्या की हातानं मोकळ्या करा. त्यांचे रेशांसारखे पदर सुटतात. मिक्सरला लावू नका, लगदा होतो.

वाटणासाठी अर्धा नारळ खवून घ्या आणि एक कांदा उभा चिरा. थोड्या तेलावर कांदा आणि खोबरं बदामी होईपर्यंत भाजा. त्यातच दोन चमचे धणे, एक चमचा बडीशेप, सात-आठ मिरी, दोन लवंगा आणि पाच-सहा सुक्या मिरच्या परता. गार झाल्यावर बारीक वाटा. खोबरं काळं होऊ देऊ नका. गराची चव हळवी असते, करपलेल्या वाटणापुढे ती तोंड उघडत नाही.

टोपात तेल तापवून सात-आठ लसूण पाकळ्या ठेचून टाका. लसूण तांबूस झाली की एक कांदा बारीक चिरून परता, हळद घाला, मग गर. दोन वाट्या गरम पाणी घालून झाकण ठेवा आणि मंद आंचेवर दहा-बारा मिनिटं शिजू द्या. गर बोटांत दाबला तर दबला पाहिजे, फुटता कामा नये. मग कुयरी, वाटण, मीठ आणि सुपारीएवढा गूळ. दोन चांगल्या उकळ्या आल्या की शेवटी तीन-चार आमसुलं. आमसूल आधी घालू नका. आंबट पडलं की भाजीचं शिजणं मंदावतं, आणि गर मऊ व्हायला जास्त वेळ लागतो. उतरवल्यावर पाव तास झाकून ठेवा. बरोबर तांदळाची भाकरी. दुसरं काही लागत नाही.

ही झाली आमच्या घरची रीत. आमच्या शेजारच्या काकी लसणीऐवजी मोहरी-हिंगाची फोडणी करायच्या, बडीशेप घालायच्या नाहीत, वरून ओलं खोबरं पेरायच्या. त्यांची भाजी पिवळी, आमची तांबूस. दोन्ही घरांत एकच कुयरी अर्धी अर्धी वाटून घेतलेली असायची, कारण एवढी मोठी कुयरी एका घराला जास्त होते. कुठली भाजी चांगली, यावर आम्ही मुलं भांडत होतो आणि दोन्हीकडे जेवत होतो.

या भाजीचं आणखी एक गणित आहे, ते महिन्यांचं. काजूचं झाड सूर्याच्या वर्षाप्रमाणे चालतं. मार्च आला की गर येणारच. आमचा रमजान चंद्राच्या वर्षाप्रमाणे चालतो आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. म्हणून रमजान आणि काजूगर यांची ऐन भरातली गाठ सुमारे बत्तीस वर्षांनी पडते. १९९२ साली रमजान मार्चमध्ये आला होता. तेव्हा मी विशीत होते, आणि इफ्तारीला ही भाजी असायची. त्यानंतर तो फिरत फिरत २०२४ साली १२ मार्चला आणि २०२५ साली २ मार्चला सुरू झाला. शिमगाही त्याच दिवसांत. वाडीवर पालखी नाचत होती, आमच्याकडे रोजे चालू होते, आणि दोन्हीकडच्या चुलींवर कुयरी होती. अशी भरातली गाठ पुन्हा पडेल ती २०५६ च्या सुमारास. तेव्हा विळीवर कोण बसलेलं असेल, हा विचार मनात येतोच.

कारण गर काढणारे हात कमी होत आहेत. त्याला कारणं आहेत आणि ती खोटी नाहीत. मुली शिकल्या, नोकऱ्यांना लागल्या. त्यांनी बोटं काळी का करावीत? बागा मोहोरावरच कराराने जातात, तिथं हिरव्या बीला हात लावायची परवानगी नसते. सुक्या बीला भाव मिळत नाही, कारण आपल्या देशातले कारखाने आफ्रिकेतूनही भरपूर बी आणतात. मग काही जण झाडाखालचं रान काढायचाही कंटाळा करतात. शहरातल्या बहिणी विचारतात, पाकिटातले काजू रात्रभर भिजवून चालतील का? चालतील. पण ते काजू आधी वाफवून किंवा भाजून, मग सुकवून आलेले असतात. ते पाणी पितात, फुगतात, मऊ होतात. त्यांच्यात ती दुधाळ चव परत येत नाही. सुकी बी टरफलासकट भिजवून फोडली तर जरा जवळ जाता येतं. भाजी चांगली होईल, पण ती वेगळी भाजी.

माझं म्हणणं आयांच्या काळी बोटांचे दिवस परत यावेत असं मुळीच नाही. बोटं न जाळता गर निघत असेल तर तो जास्त गोड लागेल. हातमोजे वापरा, चांगली अवजारं वापरा, मोठ्या गराच्या जाती लावा. आणि बाजारात एखादी बाई पानात शेकडा घेऊन बसली असेल तर 'एवढे महाग?' असं म्हणण्याआधी एकदा तिच्या अंगठ्याकडे पाहा. घासाघीस आपोआप थांबते.

आमच्या नानीचा याबाबत एक नियम होता, आणि तो तिनं कोणासाठी मोडला नाही. घरात पुरुष आधी जेवायचे, पाहुणे त्यांच्याही आधी. पण ज्या दिवशी काजूगराची भाजी असेल त्या दिवशी टोप उतरला की पहिली वाटी भरायची ती ज्यानं बिया फोडल्या त्याची. मग ती सून असो, कामाला आलेली बाई असो, की हट्टानं विळीवर बसलेला नातू असो. आजोबा ताटावर बसून वाट बघायचे. नानी त्यांना म्हणायची, "ज्याचे हात, त्याची पहिली वाटी. तुमची दुसरी." आजोबा काही बोलत नसत. त्या वाटीत गर किती, कुयरी किती, हे नानी मोजत नसे. बाकीच्यांच्या ताटात मात्र ती मोजून दहा-दहा गर वाढायची.

तेव्हा यंदा ही भाजी केलीत तर कृतीच्या शेवटी एवढी एक ओळ जोडा. आमसुलानंतर, झाकण काढल्यावर, कोणीही जेवायला बसण्याआधी.